मागच्या भिंतीवरच्या रेघा

"आणि डोळ्यात गेला तर?"

मास्तरांनी विचारलं. चहात साखर घातलीस का, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात.

"काही होत नाही हो," शार्दूल म्हणाला.

मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. माझा हात थांबला. मास्तरांचा थांबला नाही. शार्दूलने आणलेलं ते लेझर ते बोटांत फिरवत होते. पेनाएवढी चीज. टोकाकडून हिरवा उजेड सोडणारी.

"काहीच होत नाही?"

"मास्तर, देवाने पापणी कशाला दिलीय? उजेड आला की आपोआप मिटते."

"आपोआप..."

"आपोआप. आपल्याला कळायच्या आत."

मास्तर लेझर फिरवतच राहिले.

हा शार्दूल रेगे आमचाच. मला हा मुलगा आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, शालन पहिल्यापासून त्याच्यावर खार खाऊन होती. पाच वर्षांपूर्वी आला तेव्हा कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी कॅमेऱ्याच्या पाया पडायचा. कातळवाडीसारख्या आडगावात, आमच्या या कौलारू घरात, जमिनीवर झोपून मास्तरांकडे फोटोग्राफी शिकला. मास्तर त्याला पोटच्या पोरासारखं वागवायचे आणि मी त्याला गरम गरम वाढायचे.

मग तो शहरात गेला. नाव झालं. यंदा आला तो गाडी घेऊन, आणि थोडासा हवेतून.

पण माणूस रिकाम्या हाताने आला नव्हता, हेही खरं. सकाळी आल्या आल्या त्याने पडवीतच खेळ मांडला. दार लोटलं, खिडकीवर गोणपाट टाकलं, काळोख केला. मला म्हणाला, "शालनताई, एक पेला पाणी आणि दुधाचा एक थेंब."

पाण्यात थेंब टाकला, ढवळलं, बाजूने लेझर लावलं. पेल्यात हिरवीगार काठी आडवी पडली! पाण्याच्या पोटात. मी खोटं कशाला बोलू, मी "अगं बाई!" म्हणून ओरडलेच.

मास्तर तर पोरासारखे झाले. "पुन्हा कर. पुन्हा कर."

मग खडीसाखरेचा खडा. खड्यातून उजेड सोडला तर समोरच्या भिंतीवर नक्षी उमटली. खडा जरा वळवला की सगळी नक्षी हलायची, फुटायची, परत जुळायची.

"हे खडीसाखरेत होतं?" मास्तर म्हणाले. "सत्तर वर्षं नुसती चघळली की रे मी!"

मला तीनदा डबा आणायला लावला. हा खडा बघू, तो खडा बघू.

आमची मांजर त्या हिरव्या टिंबाच्या मागे धावून धावून दमली. भिंतीवर चढायला निघाली. शार्दूल हसत होता. मास्तर उठले, आतून सुकटीचा तुकडा आणला आणि टिंब जिथे थांबलं होतं तिथे ठेवला.

"तिलाही काहीतरी मिळू दे," म्हणाले.

मग त्याने फोटो दाखवले. गावाबाहेरचा वड, पारंब्यांसकट, सगळा हिरव्या रेघांनी काढलेला. ओढून ठेवलेली होडी, तिची प्रत्येक फळी उजेडाने गिरवलेली. एका नवरीच्या मागे भिंतीवर तिचं नाव, लिहिलं आहे की पेटलं आहे ते कळू नये असं.

मास्तर एकेक फोटो खूप वेळ बघत होते. चष्मा वर, चष्मा खाली.

"आणि तू कुठे असतोस?"

"मी? मी समोरच असतो, कॅमेऱ्याच्या पुढ्यात!" शार्दूलला हेच तर सांगायचं होतं. "काळे कपडे घालतो. कॅमेऱ्याचं झाकण चार-पाच मिनिटं उघडं. काळोखात टिंब जिकडे फिरवीन तिकडे रेघ उमटते. मी रेघ ओढत पुढून जातो, मागून जातो, आणि फोटोत माझा पत्ता नसतो. अंधारातला माणूस येतच नाही, मास्तर. फक्त रेघ येते."

"छान," मास्तर म्हणाले. "फार छान आहे हे."

मनापासून म्हणाले. चाळीस वर्षं मी त्यांचं घर सांभाळते, ओळखते त्यांना. उगाच छान म्हणायची त्यांची जीभच नाही.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं.

पण शार्दूल निव्वळ भेटायला आला नव्हता. त्याच्या गाडीत एक खोकं होतं. खोक्यात लेझरच लेझर. बाजारात मिळतात ती, हिरवी, दूरवर जाणारी.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला शाळेच्या पटांगणात त्याला मोठा फोटो काढायचा होता. शाळेची पोरं दोन रांगांत समोरासमोर उभी करायची. प्रत्येकाच्या हातात एक लेझर. धूप पेटवून धूर करायचा. धुरात या रांगेतून त्या रांगेत हिरव्या दोऱ्या जातील, आणि पोरांच्या डोक्यांवर उजेडाचं जाळं विणलं जाईल. शहरात त्याचं मोठं प्रदर्शन होतं. त्याच्या पहिल्या भिंतीवर हा फोटो लागणार होता.

"डोक्यावरून धरायचं, असं मी सांगणार ना त्यांना," तो म्हणाला.

आठ-नऊ वर्षांची पोरं! हातात असली वस्तू, समोर मित्र उभा, आणि म्हणे डोक्यावरून धरा.

माझ्या बहिणीची नात, जाई, त्याच शाळेत आहे. तिसरीत. उंचीने लहान म्हणून तिला पुढे उभी करणार होते. चार दिवसांपूर्वी शार्दूल शाळेत विचारून गेला होता, तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

पण मोरजकर बाई पक्क्या. शाळेच्या हेडबाई. त्यांनी शार्दूलला तोंडावर सांगितलं होतं, "मला यातलं काही कळत नाही. कोळवणकर मास्तर हो म्हणाले तर पाठवीन मुलं. त्यांचा एक शब्द मला पुरे." संध्याकाळच्या आत त्या फोन करणार होत्या.

म्हणून शार्दूल आला होता. एका शब्दासाठी.

"तर मास्तर, तुम्ही हो म्हणा."

मास्तरांनी लेझर त्याच्या हातात परत दिलं.

"तुझी रेघ सरळ येते?"

शार्दूलला हसूच आलं. "मास्तर! पट्टीने आखल्यासारखी. कुणालाही विचारा."

"मग जेवण झाल्यावर काळ्या खोलीत जा. मागच्या भिंतीवर आडव्या रेघा ओढ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून सुरुवात कर, खाली ये."

"एवढंच?"

"एवढंच. सरळ आल्या तर बाईंना हो म्हणून सांगतो."

मी मास्तरांकडे बघतच राहिले. हे काय भलतंच? पोरांच्या डोळ्यांचा सवाल, आणि हे रेघा बघणार? मला बोलायचं होतं. मास्तरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तांदळाकडे वळले. रागानेच वळले.

काळी खोली म्हणजे आमची जुनी फोटो धुवायची खोली. घराच्या मागच्या अंगाला. चारही भिंती काळ्या, खिडकी नाही, दार एकच. दारातून शिरलं की आडोशाची भिंत, ती वळून आत जायचं, मग काळा पडदा. दार सताड उघडलं तरी आत उजेडाचा ठिपका पोचत नाही. मागच्या भिंतीजवळ एक स्टूल असतं.

त्या खोलीचा एकच नियम. दाराला हात लावायच्या आधी हाक मारायची. "आत कोण?" आतून उत्तर आलं तर थांबायचं. नाही आलं तरी पुन्हा एकदा विचारायचं. कुणी आत रोल धूत असला आणि तुम्ही दार उघडलंत, तर एखाद्याचं अख्खं लग्न पुसलं जायचं. एकदा एका शिष्याने असं केलं होतं, तेव्हा मास्तर त्या नवरा-नवरीच्या घरी जाऊन पायावर डोकं ठेवून आले होते.

शार्दूलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानेही पाच वर्षांपूर्वी रोज हाक मारलेली होती.

जेवणं झाली. मास्तर दिसेनात. मला वाटलं, माजघरात पडले असतील.

शार्दूल कॅमेरा आणि स्टँड घेऊन निघाला. शीळ घालत. सरळ दाराला हात.

"अरे, हाक मार आधी!" मी परसातून ओरडले.

"शालनताई, आता रोल कोण धुतंय?" तो हसला आणि आत गेला.

"टॉर्च तरी ने!"

"टॉर्च कशाला? टिंब भिंतीवर टाकलं की कॅमेरा त्यावरच नजर बसवतो. ही तर खरी गंमत आहे!" आतून आवाज आला. मग दार लागलं.

मी भांडी घासायला घेतली.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून. शीळ बंद झाली होती.

"काय रे?"

"काही नाही. स्टँड हलला बहुतेक."

परत आत गेला. या वेळी जास्त वेळ लागला. बाहेर आला तेव्हा कपाळावर आठी.

"तुमची ती भिंत फुगलीय का हो?"

"भिंत कशी फुगेल?"

"मग ओल आली असेल. पोपडे धरले असतील. हे बघा ना!"

मी हात पुसून बघितलं. कॅमेऱ्याच्या काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा. डावीकडून छान सरळ निघालेल्या. मधे आल्या की सगळ्या बिघडलेल्या. एक वर उचललेली, एक तुटून खाली गेलेली, एक मधेच पुढे आलेली. मग उजवीकडे जाऊन परत सगळ्या शहाण्यासारख्या सरळ.

"दोन्ही वेळा तिथेच! माझा हात दोन्ही वेळा एकाच जागी हलेल का, तुम्हीच सांगा. मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, टिंब सुतासारखं सरळ जात होतं. माझ्या जागेवरून एकही रेघ वाकडी नव्हती."

"आणि कॅमेरा?"

"कॅमेरा पलीकडच्या कोपऱ्यात होता. तिथून वाकड्या दिसताहेत." तो चिडला होता. "त्या भिंतीला पोट आलंय, शालनताई. मास्तरांना सांगा. माझी रेघ सरळच आहे."

"ती भिंत गेल्या दिवाळीत मी स्वतः रंगवलीय. पोटबिट काही नाही तिला," मी म्हणाले. मलाही राग आला होता. मी पातेलं पुन्हा हातात घेतलं.

"मग मधे काय आहे?"

तेवढ्यात काळ्या खोलीचं दार उघडलं.

आतून.

मास्तर बाहेर आले.

अंगावर जुन्या कॅमेऱ्यामागे डोक्यावर घ्यायचं ते मोठं काळं फडकं, शालीसारखं लपेटून घेतलेलं. पांढरे केस विस्कटलेले. उन्हात आल्यामुळे डोळे बारीक.

"झाल्या का रेघा?" त्यांनी विचारलं.

...



माझ्या हातातलं पातेलं कधी पडलं, मला कळलं नाही. आवाज मात्र ऐकला.

शार्दूल मास्तरांकडे बघत होता. मग दाराकडे. त्या खोलीला दुसरं दार नाही, हे त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. दार एकच, आणि तो दोनदा आत जाऊन बाहेर आला होता.

"तुम्ही..." तो म्हणाला. "तुम्ही कधी..."

"जेवण झाल्यावर लगेच."

"कुठे होतात?"

"स्टुलावर."

शार्दूलने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. बटण दाबून फोटो मोठा केला. आणखी मोठा. माझं लक्षही तिकडेच होतं, आणि आता मला ते दिसलं. देवा रे, दिसलं!

वर उचललेली रेघ म्हणजे गुडघा. तुटून खाली गेलेली, ती मांडीवरचे हात. खांदा. हनुवटी. मधेच पुढे आलेली ती बारीक रेघ नाकावरून गेली होती. एक माणूस बसला होता तिथे. ताठ. एकदा दिसला आणि मग त्या रेघांत दुसरं काही दिसेचना. इतका वेळ आम्ही दोघं त्याला भिंतीचं पोट म्हणत होतो!

शार्दूलचं बोट पडद्यावर वर सरकत गेलं आणि थांबलं.

एक रेघ कपाळावरून गेली होती.

तिच्या खालची, थेट दोन्ही डोळ्यांवरून.

त्याने पडद्यावर दुसरा फोटो आणला. तिथेही तेच. दुसऱ्या फोटोत त्याने हात जपून, सावकाश फिरवला होता. रेघ सरळ यावी म्हणून. ती रेघ जास्त जाड होती.

शार्दूल मटकन खाली बसला. अंगणातल्या मातीत. महागातली पँट, कशाचं भान नाही.

"मधे टिंब जरा उजळल्यासारखं झालं होतं," तो म्हणाला. स्वतःशीच बोलत होता. "काळ्या भिंतीवर मधेच एक जागा उजळ... मला वाटलं, रंग उडालाय..."

रंग उडालाय!

माझं डोकं फिरलं. तो एवढा मोठा झालेला नसता, तर मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या. "हाक मार म्हणाले होते ना मी? घसा फोडून ओरडले होते! तोंड झिजलं असतं का तुझं? दोनदा गेलास मेल्या, दोनदा! तो चेहरा होता रे, चेहरा! तुला जेवू घातलेल्या माणसाचा!"

त्याच्या हातातला कॅमेरा मातीत घसरला.

मग मी मास्तरांकडे वळले. खरं तर त्यांचाच राग जास्त आला होता. "आणि तुम्ही! तुम्हाला तरी काही वाटतं का? ओरडायचं ना! इथे मी आहे म्हणायचं ना! आपलं वय काय, आपण करतो काय!"

"त्याने विचारलं नाही," मास्तर म्हणाले.

"विचारलं नाही म्हणून बसून राहायचं? आंधळे झाला असतात म्हणजे?"

ते रांजणाकडे गेले. तांब्याने पाणी घेतलं. तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, हनुवटीला धरलं आणि तोंड वर केलं. उभ्या आयुष्यात मी मास्तरांच्या तोंडाला हात लावला नव्हता. डोळे लाल होते. पण ते तर नेहमीच लाल असतात, वर्षानुवर्षं फोटो धुवायच्या औषधांच्या वाफा घेतलेले डोळे.

"दिसतंय का? किती बोटं आहेत ही?"

"बोटं राहू देत. आधी बस."

मी पायरीवर बसले.

शार्दूल गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापर्यंत आला. त्याने त्यांचे पाय धरले नाहीत. पाय धरायचीही त्याला हिंमत झाली नसावी. हात मातीतच ठेवून म्हणाला,

"मास्तर, एकच सांगा. डोळे उघडे होते?"

...

मास्तर चेहरा पुसत होते. धोतराच्या सोग्याने. सावकाश. कानामागे, मानेवर.

"मास्तर, पाया पडतो. उघडे होते की मिटलेले?"

...

"दवाखान्यात जाऊ. आत्ता. गाडी आहे. तालुक्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, तासाभरात पोचू. मास्तर, बोला ना काहीतरी!"

आत फोन वाजायला लागला.

मी उठणार नव्हते. पण तो वाजतच राहिला. मास्तरांनी मला मान हलवून खूण केली. मी आत जाऊन आणला.

मोरजकर बाई.

"शालनताई, मास्तर आहेत का? मुलांचं काय करू? पालक विचारताहेत. इथे तर नुसता धिंगाणा चाललाय, कुणाला दम निघत नाहीये. तुमची जाई पांढरा फ्रॉक घालून आजच येऊन बसली आहे, उद्याचं आजच. म्हणते, मी पहिली उभी राहणार."

फोन मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो कानाला लावला नाही. शार्दूलपुढे धरला.

"मी?" शार्दूल म्हणाला.

मास्तरांचा हात तसाच पुढे.

"मी काय सांगू त्यांना?"

"रेघा कशा आल्या ते सांग."

फोनमधून बाईंचा आवाज येत होता. हॅलो, हॅलो, मास्तर? मागे पोरांचा गलका. हसणं, धावणं, कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत होतं.

शार्दूल तो गलका ऐकत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याची नजर अंगणात पडलेल्या कॅमेऱ्यावर होती. पडदा अजून उजळलेला होता. त्यावर ती जाड रेघ.

त्याने फोन घेतला.

"बाई, मी शार्दूल." खाकरला. "मुलं नका पाठवू... नाही, पाऊसपाण्याचं काही नाही... मास्तरांनी नाही म्हटलेलं नाही, बाई. मीच म्हणतोय... माझी रेघ वाकडी येतेय."

बाईंना काय कळलं असेल कोण जाणे. त्या काहीतरी विचारत होत्या. तो नुसता "हो, हो, मी स्वतः येऊन सांगतो मुलांना" म्हणत राहिला. मग त्याने फोन माझ्या हातात दिला.

शहरातल्या त्या प्रदर्शनाची पहिली भिंत गेली. त्या भिंतीवर लावण्याजोगं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे त्यानेच सकाळी सांगितलं होतं.

उठला. गाडीतलं खोकं आणलं आणि मास्तरांपुढे ठेवलं.

"हे तुम्ही ठेवा. मला नको. परत हातात धरणार नाही."

मास्तरांनी खोक्यात हात घातला, एक लेझर काढलं, आणि ते त्याच्या खिशाला अडकवलं. पेन अडकवतात तसं.

"खडीसाखरेची नक्षी छान होती," म्हणाले. "उद्या पोरांना ती दाखव. भिंतीवर. लेझर तुझ्या हातात ठेव."

शार्दूलला रडू कोसळलं. एवढा मोठा पुरुष, हुंदके देऊन रडला. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी पाणी आणलं. त्याने घेतलं, पण प्यायला नाही.

मांजर येऊन पातेलं चाटून गेली.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू. "आता कुठलाही शब्द मागायला आलेलो नाही. तरी सांगा. मला आज झोप लागणार नाही. डोळे उघडे होते, की मिटलेले?"

मास्तरांनी अंगावरचं काळं फडकं काढलं. झटकलं. घडी घालायला लागले. घडीवर घडी.

"मिटलेले होते रे."

शार्दूलने श्वास सोडला. मीही सोडला.

"घट्ट मिटले होते," मास्तर म्हणाले. "तुझी पावलं ऐकली तेव्हाच मिटले. मला भीती वाटली म्हणून..."

घडी पुरी झाली. त्यांनी ती शार्दूलच्या हातात दिली.

"पोरांना नसती वाटली."